संत्र्याचं तेल आणि अकरा माद्या

माईंच्या जावयाला मासे आवडायचे, पण ताटातले. शेडमध्ये पाऊल टाकलं की नाकाला रुमाल. लग्नाला पाच वर्षं झाली, पाच वर्षं माई तो रुमाल बघत होत्या. ज्या नाकाला माशांचा एवढा तिटकारा, त्याच्याच खालचं तोंड जेवताना तिसरा तुकडा कसं मागतं, हे कोडं त्यांना काही सुटलं नव्हतं.

शेड माईंची. माशांची पिल्लं वाढवायची आणि तळीवाल्यांना विकायची, हा धंदा. नवरा गेला तेव्हा दोन टाक्या होत्या, आता सात. माईंना सही करण्यापुरतं लिहिता येत होतं, आणि सही केली की लोक मुकाट्याने माल उचलत होते. सातव्या टाकीत अंडी देणाऱ्या अकरा माद्या. नऊ वर्षं निवडून निवडून राखलेल्या, एकेक तान्ह्या मुलाएवढी जड. त्या गेल्या तर उरलेली शेड म्हणजे नुसते सिमेंटचे हौद.

पण जावईबापूंना सुधारणा करायच्या होत्या. "आई, मोठं गिऱ्हाईक येतंय. अशा वासात त्याला कसं उभं करायचं?" लेकीनेही गाल फुगवले. चार दिवस ते फुगलेले गाल बघून माई कंटाळल्या आणि म्हणाल्या, "करा काय करायचं ते." ही त्यांची चूक. त्या चुकीसाठी त्यांनी पुढे स्वतःलाही सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला, माईंबरोबर शेड सांभाळणारी सून धावत आली. पदर ओला, हात कोपरापर्यंत ओले.

"माई, शेडमध्ये संत्र्याचा वास येतोय. मी सातव्या टाकीचं पाणी बंद केलंय."

"मला न विचारता? अगं, माद्यांचं पाणी बंद करायला तू काय..."

"पहिल्या टाकीतली पिल्लं उलटी झाली, माई."

माई ताडकन उठल्या. पायात चपला न घालताच गेल्या.

पहिल्या टाकीवर पिल्लांचा पांढरा थर तरंगत होता. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी तेलकट झाक. फरशी लखलखीत, आणि तिच्या मधोमध जावईबापू इस्तरीची पँट दुमडून, हातात ब्रश घेऊन उभे. आज रुमाल खिशात होता.

शेडची फरशी मुद्दाम उताराची बांधलेली. सांडलेलं पाणी पन्हळीत, पन्हळीतून गाळणीत, गाळणीतून पंपाने परत टाक्यांत. पाणी वाया जाऊ नये म्हणून. त्यामुळे या फरशीवर चाळीस वर्षांत साध्या पाण्याशिवाय काही पडलं नव्हतं. हे मांजरालासुद्धा माहीत होतं.

"फरशी कशाने धुतलीत, जावईबापू?"

"घाबरू नका आई, रसायन नाही. शंभर टक्के नैसर्गिक. संत्र्याच्या सालीचं तेल!"

"आणि साप काय कारखान्यात तयार होतो? बाटली आणा."

बाटलीवर पुढे संत्रं, हिरवं पान, हसणारं बाळ. माईंनी ती उलटी केली. मागे खाली, नखाएवढ्या चौकटीत एक चित्र होतं. वाळलेलं झाड, आणि त्याच्या बाजूला पोट वर करून पडलेला मासा.

त्यांनी बाटली जावयाच्या नाकासमोर धरली. "हे काय आहे?"

"ते... छापतात तसं सगळ्यांवर."

"तुम्ही कॉलेजात गेलात. मला वाचता येत नाही. पण मेलेला मासा मला ओळखता येतो. तुम्हाला नाही आला?"

सुनेने बारीक अक्षरं वाचून दाखवली. "पाण्यातल्या जिवांना अत्यंत विषारी."

"पण माणसाला काही होत नाही ना!" जावई म्हणाला.

"ते दिसतंच आहे," माई म्हणाल्या.

सातव्या टाकीतही बंद करण्याआधी थोडं गेलंच होतं. माद्या वर येऊन तोंडं उघडत होत्या. बाहेर ताज्या पाण्याची पिंपं भरलेली होती. सुनेने जाळी उचलली.

"जाळ्याही धुतल्यात मी," जावई म्हणाला, अजूनही थोड्या कौतुकाने.

सुनेने जाळी भिरकावली. मग दोघी सासू-सुना साडी खोचून टाकीत उतरल्या आणि एकेक मादी ओल्या फडक्यात गुंडाळून हातांवर बाहेर नेली. दहाजणी पिंपांत पडताच सावरल्या. अकरावी, सगळ्यांत थोरली, कुशीवर कलंडली. सून पिंपात वाकून तिला दोन्ही हातांनी पुढे-मागे, पुढे-मागे नेत राहिली, कल्ल्यांत पाणी खेळावं म्हणून. माई बाजूला उभ्या राहिल्या. काय करायचं ते सुनेला येत होतं. आणि सकाळी आपण तिच्यावरच खेकसायला निघालो होतो, हे माईंना आठवलं.

अर्ध्या तासाने शेपटी फाटकन हलली आणि मादी सुनेच्या हातून निसटून तळाला गेली.

"टाकीचं पाणी वेळेवर तोडलंस," माई म्हणाल्या. "यापुढे विचारत बसू नकोस."

"हे खराब पाणी मागच्या ओढ्यात सोडून देऊ का?" जावयाने मदतीच्या सुरात विचारलं.

माईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ओढ्यातल्या माशांनी तुमचं काय घोडं मारलंय? आवाराच्या टोकाला मोकळा खड्डा आहे. उन्हात राहू दे तिथं, तेल उडून जाईपर्यंत. पंप लावायचा नाही. बादल्या तिकडे आहेत."

"सगळं बादलीने? सात टाक्या?"

"नैसर्गिक पद्धत."

दुपारी गिऱ्हाईक आलं तेव्हा तिसरी टाकी उपसायचं काम चाललं होतं. त्याने पिल्लं दाखवा म्हटलं.

"पिल्लं मेली. फरशी चकचकीत केली होती तुमच्यासाठी, ती बघून घ्या," माई म्हणाल्या. "माद्या जिवंत आहेत. दोन महिन्यांनी या. आणि सौदा माझ्या सुनेशी."

गुडघ्यापर्यंत भिजलेले जावईबापू हात पुसत हसत पुढे आले, ओळख करून द्यायला.

"बादली," माई म्हणाल्या.