बाळाची फाईल

सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. ती हॉस्पिटलच्या सोनोग्राफी विभागात तंत्रज्ञ होती, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची बाळं बघायची. रजा संपवून ती परत आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही हाडांच्या नाहीतर पोटाच्या विभागात बदली मागून घेईल. तिने मागितली नाही. आपल्या जुन्याच खोलीत जाऊन बसली आणि पहिल्या बाईला म्हणाली, "घाबरू नका, जेल जरा गार लागेल."

बदली न मागण्याचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या बाळाचं शेवटचं चित्रण हॉस्पिटलच्या नेटवर्कवर होतं आणि ते फक्त त्या विभागातल्या कॉम्प्युटरवर उघडायचं.

जेवणाच्या सुट्टीत ती दार लोटून घ्यायची, डबा तसाच बाजूला ठेवायची आणि ते चित्रण लावायची. बघायची म्हणजे काय, तपासायची. डोकं मोजायची, मांडीचं हाड मोजायची, नाळेतला रक्तपुरवठा बघायची, मग पुन्हा डोकं. कुठेतरी काहीतरी निसटलेलं असणारच, असं तिच्या मनाने घेतलं होतं. ती तपासणी शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीने केली होती आणि तेव्हापासून ती बिचारी हिच्या नजरेला नजर देत नव्हती. पण सापडायचं काहीच नाही. सगळं जिथल्या तिथे, जसं हवं तसं. मग बाहेर पुढचा नंबर पुकारला जायचा आणि ती चित्रण बंद करून टेबलावरची चादर बदलायची.

घरी बोलायला कुणी नव्हतं असं नाही. नवरा होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या तपासणीला यायचं कबूल करून तो आला नव्हता. एका इमारतीत म्हातारी बाई लिफ्टमध्ये अडकली, असा त्याचा फोन आला होता. पुढे बाळ गेलं, आणि ती हॉस्पिटलात असतानाच त्याने पाळणा, टोपडी, दुपटी सगळं देऊन टाकलं. "तुला त्रास होईल म्हणून," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याने त्या विषयावर ब्र काढला नाही. दोघं बोलायची ती गळक्या नळाबद्दल आणि दूध आणायचं राहिलं त्याबद्दल.

अशातच एक सूचना आली. नवी यंत्रणा बसणार होती. ज्यांचे उपचार संपले त्यांची जुनी चित्रणं वेगळ्या साठ्यात जाणार होती आणि ती मागाहून फक्त डॉक्टरांनाच उघडता येणार होती. उपचार संपले! त्याच दुपारी तिने ती फाईल स्वतःच्या मेलवर पाठवून दिली.

अर्ध्या तासात दारावर टकटक झाली. नेटवर्क सांभाळणारे गृहस्थ उभे होते. सगळं हॉस्पिटल त्यांना केबलकाका म्हणायचं, कारण त्यांच्या खांद्यावर उपरण्यासारखी एक तरी केबल लटकलेली असायचीच.

"ताई, तुमची मेल अडकली. पेशंटची फाईल बाहेर जात नाही हो. माझ्याकडे लाल दिवा लागतो."

"माझीच आहे," ती म्हणाली.

"फाईल कुणीही पाठवली तरी..."

"काका, पेशंट मीच आहे."

केबलकाकांनी केबल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "चला माझ्याबरोबर. हक्काची वस्तू चोरून कशाला न्यायची?"

ते तिला विभागप्रमुख मॅडमकडे घेऊन गेले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, "आधी का नाही बोललीस गं?" म्हणाल्या आणि लगेच परवानगी दिली. बाहेरचा ड्राइव्ह फक्त काकांच्या मशीनला चालायचा. त्यांनी तो लावला, फाईल त्यावर टाकली, उघडायला लागणारं सॉफ्टवेअरही टाकलं. "घरी साध्या व्हिडिओसारखी उघडायची नाही ती," म्हणाले, आणि स्क्रीनवरची पट्टी सरकत असताना चहाचं निमित्त काढून बाहेर गेले, ते ती निघेपर्यंत आलेच नाहीत.

रविवारी दुपारी नवरा कामावर होता. बैठकीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर तिने ड्राइव्ह लावला, लिफ्टच्या आकृत्यांच्या गर्दीत जागा करून फाईल उतरवून घेतली आणि उघडली. नेमका तेव्हाच नवरा लवकर परतला. लॅचचा आवाज तिला ऐकूच आला नाही.

"हे काय?"

तिचा हात माऊसकडे गेला.

"राहू दे," तो म्हणाला. हत्यारांची पिशवी हातातच होती. बराच वेळ तो त्या करड्या ठिपक्यांकडे बघत राहिला. "मला काहीच कळत नाही. डोकं कुठंय?"

"हे. याचा परीघ एकोणतिसाव्या आठवड्याला..."

"मापं नको सांगूस गं." तो वाकला. "हे काय हललं?"

"हात."

"आणि हे? तोंड उघडलं ना?"

"जांभई दि..." तिला पुढे बोलता येईना. त्या जागेवरून ती कितीदा गेली होती. तिथे चित्र हलल्यामुळे माप नीट येत नाही, म्हणून दरवेळी पुढे सरकवायची. आपल्या बाळाने जांभई दिली होती, आणि ती तिने आज पाहिली. टेबलावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली.

त्याने पिशवी खाली ठेवली. "त्या दिवशी लिफ्टसाठी दुसऱ्या कुणालाही पाठवता आलं असतं," तो म्हणाला. "मलाच यायचं नव्हतं. भीती वाटत होती, काही वाईट निघालं तर? आणि पाळणा... तो मलाच बघवत नव्हता. तुझं नाव पुढे केलं."

तिला राग आला. चांगलाच आला. "एक टोपडं तरी ठेवायचंस," ती म्हणाली. ते टोपडं आता कुणाच्या तरी बाळाच्या डोक्यावर होतं.

जरा वेळाने त्याने विचारलं, "या फाईलला नुसता आकडाच आहे. बदलता येतो?"

"येतो."

त्याने कीबोर्ड पुढे ओढला आणि एका बोटाने एक नाव टाईप केलं. हे नाव त्याने मनाशी ठरवून ठेवलं होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. त्यात एक वेलांटी चुकली होती. तिने ती दुरुस्त केली. मग त्याने ते मोठ्याने वाचायला तोंड उघडलं, आणि वाचता वाचताच त्याला रडू फुटलं.