गर्डर येईपर्यंत

मी एक जुना टेकू आहे. निलगिरीचा, पावणेदहा फुटी, स्लॅबखाली उभा राहणारा. माझा जन्म कन्हेरीतल्या एका बांधावर झाला. मी सरळ वाढलो, हाच माझा गुन्हा. माझ्या शेजारची वाकडी झाडे अजून तिथेच उभी आहेत आणि वाऱ्यावर डोलत आहेत. मला मात्र कळसच्या सावळाराम मिस्त्रीने पाहिले, बुंध्यावरून हात फिरवला, आणि आठवड्याभरात मी तोडला, सोलला आणि वाळत टाकला गेलो.

मित्रांनो, आमचे काम फार सोपे असते. ओला स्लॅब डोक्यावर घ्यायचा, तो स्वतःच्या बळावर उभा राहीपर्यंत गप्प राहायचे, आणि घरमालक पेढे वाटू लागला की मागच्या दाराने निघायचे. बारामती ते इंदापूर मी कितीतरी घरे डोक्यावर घेतली. गृहप्रवेशाच्या एकाही फोटोत मी नाही.

कौतुक केले ते एकट्या सावळारामने. रोज सकाळी कामावर आला की चहाच्या आधी तो प्रत्येक टेकूवर उजव्या हाताच्या पेरांनी ठकठक करी. टेकूवर भार नीट असेल तर खणखणीत आवाज येतो. खालची पाचर ढिली झाली, किंवा लाकूड आतून गेले, की आवाज भद्द येतो. "बोल रं," तो म्हणायचा. मी खणकन बोलायचो. "शाबास." माझ्या आयुष्यातली सगळी प्रशस्तिपत्रके एवढीच.

केयूर सरांची आणि त्यांच्या बायकोची, म्हणजे पूर्वी मॅडमची, गाठ माझ्याशी टीव्हीने घालून दिली. सर बारामतीत शिकवणी घेत, मॅडम एका लॅबमध्ये रक्त तपासत. भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून दोघे रोज एक परदेशी मालिका बघत. ती मीही नंतर पाहिली. त्यांच्या हॉलमध्ये उभे राहून दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

त्या मालिकेत एक हौशी जोडपे जुने घर विकत घेते. त्यांना बांधकामातले काही कळत नसते, आणि मालिकेच्या मते हीच त्यांची पात्रता. पहिल्या जाहिरातीच्या आधी बायको गुलाबी हातमोजे घालून भिंतीवर घण घालते. भिंत अकरा सेकंदांत पडते. राडारोडा कुठे जातो हे दाखवत नाहीत. जाहिराती चालू असताना तो बहुधा स्वतःच चालत जात असावा. दुसऱ्या जाहिरातीच्या आधी छताला भेग सापडते, दोघे कपाळाला हात लावतात, आणि जाहिरात संपते तोवर भेग बुजलेली असते. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला घर दीडपट किमतीला विकले जाते. मिस्त्री असलाच तर पाठमोरा आणि धूसर. मी सगळे भाग पाहिले, मित्रांनो. एकाही भागात टेकू नाही. तिकडचे स्लॅब बहुधा आत्मविश्वासावर उभे असतात.

तर सरांनी आपला प्लॉट विकला, मॅडमनी दागिने मोडले, आणि दोघांनी बारामतीतल्या एका जुन्या सोसायटीत रघुनाथरावांचे घर नटवून विकण्यासाठी घेतले. रघुनाथराव निवृत्त हेडमास्तर. घर सत्त्याऐंशी सालचे, खांब नसलेले, नुसत्या भिंतींवर पेललेले. किल्ली देताना हेडमास्तर म्हणाले, "मधल्या भिंतीला मी खिळासुद्धा जपून मारायचो." सरांनी ते म्हाताऱ्या माणसाची माया म्हणून व्हिडिओत घेतले. सरांचा स्वतःचा व्हिडिओ चालू झाला होता. नेमकी तीच भिंत पाडून त्यांना मालिकेतल्यासारखे मोकळे स्वयंपाकघर करायचे होते.

सावळारामने भिंत बघितली, वर बघितले, आणि सरांकडे बघितले.

"सर, ही भिंत न्हाय, ही घराची बरगडी हाय. पाडायची तर स्लॅबचा भार पेलायला वर लोखंडी गर्डर घालावा लागंल."

"गर्डर व्हिडिओत दिसतो का हो, काका?"

"न्हाय दिसत. पर नसला की लई ठळक दिसतं."

सर मनापासून हसले. गर्डर चार दिवसांत आणायचे ठरले आणि तोवर आम्ही पाच टेकू रांगेने उभे राहिलो. मॅडमनी गुलाबी हातमोजे घातले, घण उचलला, तीन घाव घातले, आणि चौथ्याला त्यांच्या खांद्यात चमक भरली. उरलेली भिंत सावळारामने दोन दिवस खपून पाडली. त्याला हातमोजे नव्हते. व्हिडिओत तोही नव्हता.

चार दिवसांत गर्डर आला नाही. लटकते दिवे आले. मग काळा ओटा आला, मग शेवाळी रंगाचा सोफा. सावळाराम दर आठवड्याला येऊन आम्हाला ठोकून जाई आणि विचारी, "गर्डर?" सर म्हणत, "टेकू आहेत ना, काका." माझ्याविषयी एवढ्या विश्वासाने आजवर कोणी बोलले नव्हते. मी अडीच महिने उभा राहिलो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी मिस्त्री लोक आपली अवजारे पुजतात आणि ती उचलत नाहीत. सावळारामची थापी आणि ओळंबा कळसला घरी धुऊन मांडले होते. आम्हाला घरी नेता येत नव्हते, म्हणून तो आमच्याकडे आला. प्रत्येकाला हळदकुंकू लावले, डोक्याशी झेंडूचे फूल अडकवले, आणि निघताना सरांना म्हणाला, "उद्या दसरा करून परवा येतो. तवर ह्यास्नी हात लावायचा न्हाय."

"छे हो, काका!"

दसऱ्याला सकाळी अकराच्या मुहूर्तावर गिऱ्हाईक यायचे होते. वरकुट्याचे बापूसाहेब, ऊस बागायतदार, नातवंडांच्या शाळेसाठी बारामतीत घर बघत होते. नऊ वाजता सर आमच्यासमोर येऊन उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, "अरे, काकांनी नको सांगितलंय."

"अगं, ते पूजेचं झालं. श्रद्धा असते त्यांची. फुलं नाही काढत आपण, फक्त टेकू काढू. दोन-तीन तासांचा तर प्रश्न आहे."

शिकलेल्या माणसाचा हा मोठेपणा असतो. तो दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखतो. सरांनी वरवंट्याने पाचरी ठोकून काढल्या आणि आम्हाला फुलांसकट परसात खिडकीशी टेकवले. खिडकीतून मला सगळे दिसत होते.

बापूसाहेब आले, सोबत पत्नी दगडाबाई. बापूसाहेबांना दिवे आवडले. सोफ्यावर बसून त्यांनी दोनदा उसळून पाहिले. दगडाबाई मात्र वर बघत होत्या.

"लाईट गेलीया न्हवं?"

"हो, आत्ताच गेली, काकू. येईल पाच मिनिटांत," मॅडम म्हणाल्या.

"मग पंखा कशापायी हालतोय?"

सगळ्यांनी वर बघितले. पंख्यावरून पिठासारखी धूळ सुटली आणि पेढ्यांच्या ताटात बसली. बापूसाहेबांनी आवाज न चढवता बायकोला सांगितले, "पायताण घाल." मग सरांच्या हातात आपट्याचे पान ठेवले, "सोनं घ्या," म्हणाले, आणि एवढा जाडजूड माणूस सोफ्याला न धडकता दाराबाहेर गेला.

मॅडमनी फोन केला आणि सावळाराम तासाभरात आला. अंगात दसऱ्याचा नवा पांढरा सदरा होता. दोघांना बाहेर उभे केले, वाकून आत शिरला, आणि एकेक करत चार टेकू लावले. पाचवा मी. डाव्या हाताने त्याने मला धरले आणि उजव्या हाताने माझ्या पायाखाली पाचर सरकवली. तेवढ्यात स्लॅब खाली बसला. फार नाही, इंचभर. आवाजही मोठा नव्हता, सुपारी फोडल्यासारखा.

त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. पाचर नीट बसली होती.

त्याला उचलून नेत होते तेव्हा तो एवढेच म्हणाला, "रोज ठोकून बगत जावा." मग त्याची शुद्ध हरपली.

सरांचा फोन सकाळपासून ओट्यावर चित्रण करत चालूच होता. त्यांच्या सगळ्या व्हिडिओंमध्ये त्या दिवसाचा व्हिडिओ सर्वांत जास्त पाहिला गेला. खाली एकाने लिहिले, 'मिस्त्री शिकाऊ दिसतोय.' त्याला नऊशे लोकांनी दाद दिली.

याला आता वर्ष होईल. सावळाराम कळसला असतो. डाव्या हाताने त्याला थापी धरता येते असे ऐकतो, पण टेकू तो उजव्या हाताच्या पेरांनी ऐकायचा. दुसरा कोणताही मिस्त्री या स्लॅबखाली पाय ठेवायला तयार नाही, म्हणून गर्डर नाही. गर्डर नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून फ्लॅट सोडून सर आणि मॅडम इथेच राहायला आले आहेत. आम्हा पाचांना पॉलिश केले आहे. माझ्यावर प्लास्टिकची वेल आणि दिव्यांची माळ सोडली आहे. पाहुणे म्हणतात, "थीम छान आहे."

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्यावी असे तुम्हाला शाळेत सांगितले असेल. माझी काळजी उत्तम घेतली जाते. मॅडम दर रविवारी मला ओल्या फडक्याने पुसतात. माझी विनंती वेगळी आहे. कोणाचेही सुंदर घर बघायला गेलात, की आधी वर बघा. आणि ज्याला ठोकता, तो काय बोलतो हे कळणारा माणूस सोबत ठेवा.

कारण सर रोज चहाच्या आधी माझ्यावर न चुकता ठकठक करतात. कोणता आवाज चांगला, हे त्यांनी कधी विचारलेच नाही. श्रावणात ओल्या फडक्याच्या वाटेने माझ्या पायात वाळवी शिरली. काल सकाळी सरांनी ठोकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी भद्द वाजलो.

"ऐकलंस?" ते आनंदाने मॅडमना म्हणाले. "आवाज मऊ झाला. आता बसला बघ नीट."

आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून ते पोहे खायला बसले.