गुळगुळीत डोंगराचा नकाशा

सदानंदने जपानमधल्या इवाते प्रांतातल्या डोंगराचा नकाशा उलगडला, तेव्हा त्याचा चेहरा मुलाच्या लग्नात मिरवणाऱ्या बापासारखा झाला होता. डोंगर विमानातून लेझरने मोजलेला. उंचीच्या रेषा त्याने टोकियोत, हिगाशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये बसून काढलेल्या.

कुरणाच्या मालकीण हातानाका-सान यांनी एवढंच विचारलं, "इथे खाण होती. जमीन खचते. खड्डे कुठे आहेत? तेवढ्याला कुंपण घालून आज गायी सोडायच्यात."

"एकही नाही!"

त्या वाकून आभार मानून खाली ट्रककडे गेल्या. सदानंद फोटो काढायला उतारावर चढला. अख्खा डोंगर फोटोत यावा म्हणून दोन पावलं मागे सरकला आणि गवतातून कमरेपर्यंत आत गेला. कड धरावी तर माती हातात येई.

त्याने टोकियोच्या ऑफिसातल्या सहकारी वृंदाला फोन लावला.

"वृंदा मॅडम, नकाशात खड्डा नाहीये."

"छान. मग?"

"मी खड्ड्यात आहे."

"सर! तुम्ही तो रस्त्यांचा फिल्टर इथे लावलात?"

लावला होता. गावाकडच्या रस्त्यांचे नकाशे करताना त्यानेच तो लिहिला होता. खोल काही दिसलं, की यंत्राची चूक समजून सपाट करायचं. तेव्हा साहेब खूश, सदानंदला बढती. त्याच हुशारीने त्याने आता चहा पिता पिता अख्खी खाण बुजवली होती.

"कोणी पाहिलं?"

"अजून नाही."

"मग हळूच वर या. नकाशा उद्या गुपचूप बदलू."

सल्ला त्याला फारच आवडला. तेवढ्यात ट्रकची फळी पडली आणि पहिली गाय उताराला लागली. तिचा पाय असा खड्ड्यात गेला तर मोडणारच.

सदानंदला येणारं जपानी सगळं ऑफिसातलं. त्यातलं प्रत्येक वाक्य तसदीबद्दल माफी मागून सुरू व्हायचं. माफी संपेपर्यंत गाय पोचली असती. तो मराठीतच ओरडला, "अगं बाई, मागे फिर!"

गाय थांबली. कुतूहलाने त्याच्याकडेच येऊ लागली.

मग मात्र तो जपानीत किंचाळला, "नकाशा चुकलाय! मीच चुकवला!"

हातानाका-सान धावल्या. आधी गाय वळवली, मग त्याला ओढून काढलं.

"असे आणखी किती?"

"माहीत नाही."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी गाईचा दोर त्याच्या कमरेला बांधला, हातात बांबू दिला. "चला. तुम्ही पुढे."

सदानंद डोंगर ठोकत निघाला. संध्याकाळपर्यंत बरेच खड्डे सापडले. त्यातले दोन पायानेच.