गुळण्यांचा आवाज

दुपारची ड्यूटी होती, म्हणून दहा वाजता निवांत केस विंचरत बसले होते. तेवढ्यात न्हाणीतून गुळण्यांचा आवाज आला आणि माझा हात थांबला.

"बाबा, घसा दुखून राहिला का?"

"काही नाही. थंडी आहे."

थंडी! याच माणसानं ऐन डिसेंबरात पंखा पाचवर ठेवून आईला रजईत कुडकुडवलं होतं. बाबांचं थायरॉईड वाढलेलं. हात थरथरायचे, छाती धडधडायची, बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर येरझारा. रेल्वेच्या नोकरीत कुणाशी आवाज चढवून न बोललेल्या या श्यामरावांनी मीठ कमी पडलं म्हणून आईच्या अंगावर ताट फेकलं होतं. मग कार्बिमॅझोलच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दीड महिन्यात आमचे बाबा आम्हाला परत मिळाले.

मी त्याच आजाराच्या ओपीडीत नर्स. ही गोळी घेणाऱ्या प्रत्येकाकडून मी एक गोष्ट घोकून घेते: ताप आला, घसा दुखला, तोंड आलं, तर काढे-गुळण्या करत बसू नका. गोळी थांबवा, त्याच दिवशी रक्त तपासा. क्वचित कुणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच ही गोळी संपवते, मग साधा जंतूही जिवावर उठतो. भनपुरीच्या ट्रकवाल्यांनासुद्धा मी हे पाठ करायला लावलंय. घरी मात्र नुसती चिठ्ठी फ्रीजवर चिकटवली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

बाबांच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला.

"केव्हापासून?"

"परवापासून."

"आणि गोळी?"

"घेऊन राहिलो ना रोज."

मी अशी ओरडले की शेजारची दीदी खिडकीत आली. आईला रिक्षानं दवाखान्यात यायला सांगून बाबांना स्कूटरवर घातलं. आमचं शहर राजधानी झाल्यापासून सदर बाजारात मुंगीला वाट नाही. मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. पाठीला त्यांचा ताप लागत होता आणि मला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

रिपोर्टसाठी तासभर लॅबच्या दाराशी मी येरझारा घातल्या, अगदी बाबांसारख्याच. पांढऱ्या पेशी चार हजारांवर हव्यात, निघाल्या अकराशे. डॉक्टरांनी गोळी तिथंच बंद केली, वेगळ्या खोलीत भरती केलं. वेळेत आणलंत, पेशी भरून येतील, म्हणाले.

सलाईन लागल्यावर माझा बांध फुटलाच. "चिठ्ठी वाचली नव्हती का तुम्ही?"

"वाचली होती."

"मग काहून नाही सांगितलं?"

बाबांनी मास्क लावून बसलेल्या आईकडं पाहिलं. "सांगितलं असतं तर गोळी बंद झाली असती. मी पुन्हा तसाच झालो असतो. शांताच्या अंगावर ताट..."

दुसरे उपाय आहेत, हे मला सांगायचं होतं. रोज दहाजणांना सांगते. पण मी नुसती सलाईनची नळी सरळ करत राहिले.

आई उठली. बाबांच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून तिनं माझ्या हातात दिली.

"अहो, फेका ना ताट," ती म्हणाली. "चेपलं तरी त्यात जेवता येते. त्याच ताटात जेवून राहिली मी. पण वाढायले समोर माणूस तर पाहिजे!"