मूठभर फोनातले भाडेकरू

"फोन हातात मावतो का एवढंच बघू नकोस वहिनी, त्याच्या पोटात आधीपासून कोण मुक्काम ठोकून बसलंय तेही बघ," असं नणंद मला म्हणाली होती. मी "हो हो" म्हटलं. नणंदेचा सल्ला आणि दुकानातून मिळालेलं फुकटचं कॅलेंडर, दोन्ही हसून घ्यायचं आणि कपाटामागे सरकवायचं, ही माझी पद्धत.

छोटा फोन हवा होता सासूबाईंना. मी कामावर गेले की चिमी, माझी आठ महिन्यांची लेक, त्यांच्याकडे असते. एका हातात चिमी, म्हणजे फोनसाठी उरतो एकच हात, आणि त्याचा अंगठा दुखरा. आधीचा मोठा फोन त्यांच्या हातून दोनदा निसटला. दुसऱ्या वेळी तो चिमीच्या कपाळाला चाटून गेला आणि माझी झोपच उडाली.

दुकानात एकेक फोन चहाच्या ट्रेएवढा. "छोटा फोन हल्ली कुणी मागत नाही," विक्रेता म्हणाला.

"आम्ही मागतोय की. आम्ही कुणीच नाही का?" सासूबाईंनी विचारलं.

मग त्याने खालच्या कप्प्यातून एक काढला. कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी तो मुठीत धरला, अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणला आणि निकाल दिला, "हा माझ्या मापाचा. बाकीचे याच्या बापाच्या मापाचे."

घरी येऊन चालू केला, तर तो एकेक पान दाखवून विचारायला लागला, मान्य आहे का? आता मी छापखान्यात नोकरी करते. खोक्यांवर जो बारीक मजकूर कुणीही वाचत नाही, तो वाचण्याचाच मला पगार मिळतो. भिंगाखाली एक टिंब जरी हललेलं दिसलं तरी मी अख्खं प्रूफ लाल करून परत पाठवते. पण चिमीने भोकाड पसरलं होतं. सासरी पहिल्या आठवड्यात जशी सगळ्यालाच मान डोलावली होती, तशी मी मान्य, मान्य, मान्य करत गेले.

आत भरलेलं घर निघालं. भविष्य सांगणारं एक ॲप, वजन घटवणारं एक, दोन खेळ, शिवाय 'शांतिदूत' आणि 'सफाईराजा'. शांतिदूत म्हणे नकोसे कॉल अडवतो. सफाईराजा दर थोड्या वेळाने कळवायचा, "तुमचा फोन स्वच्छ केला, बॅटरी वाचवली."

"काढून टाकू का हे?" मी विचारलं.

"राहू दे गं. या घरात न सांगता सफाई करणारा पहिलाच पुरुष आहे. आणि केल्यावर दहादा ऐकवतोय, म्हणजे पुरुषच आहे."

म्हणून राहिला.

चार दिवस फोन नीट चालला. मग चिमीला ताप आला. डॉक्टरांनी दिलेले थेंब संपले होते, म्हणून सकाळी कामावर जाताना नवी बाटली आणून ठेवली, सासूबाईंच्या फोनवर दुपारी दोनचा गजर लावला आणि निघाले.

दोनला थोडाच वेळ उरला असताना दवाखान्यातून फोन आला. "औषधवाल्याचा निरोप आहे. तुमच्या बाळाची बाटली बदलली गेलीये. ती फार तीव्र आहे, बाळाला अजिबात देऊ नका. आणि घाबरू नका." "घाबरू नका" हे दोन शब्द ज्याने शोधून काढले, त्याला आठवडाभर माझ्यासारख्या आईसोबत ठेवायला हवं.

मी सासूबाईंना फोन लावला. माझ्या कानात रिंग वाजली, वाजली आणि तुटली. परत लावला. तेच. शेजारीण कामावर, नवरा परगावी, नणंद दुसऱ्या शहरात.

"आज कितव्यांदा लावतेयस?" पलीकडच्या टेबलावरून विचारणा झाली. आमच्याकडे माझ्या फोनांवर सगळे घड्याळ लावतात. मी पर्स उचलली. टॅक्सीत फोन लावतच राहिले. डोळ्यांसमोर काय काय आलं ते लिहीत नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांनी सुखी राहावं.

दार उघडलं. सासूबाई जमिनीवर पाय पसरून बसलेल्या, मांडीवर चिमी गाढ झोपलेली, शेजारी तो मूठभर फोन. भिंतीवरच्या घड्याळात दोन कधीच वाजून गेलेले.

"धापा कसल्या टाकतेस? कुत्रं लागलंय का मागे?"

"आई, थेंब दिलेत?"

"नाही बाई. गजर वाजला की द्यायचे ना? तूच बजावलंस, मनाने काही करायचं नाही म्हणून. तो वाजायची वाट बघत बसलेय."

मी चिमीच्या छातीवर हात ठेवला. वर, खाली, वर, खाली. टेबलावरच्या बाटलीचं सील शाबूत होतं. मी ती पर्समध्ये कोंबली आणि तिथेच फतकल मारली. मग सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चिमीला जरा जवळ ओढलं.

"मग फोन का उचलला नाहीत?" मी विचारलं.

"आला कुठे? मी तर म्हटलं, आज सूनबाई कामाला लागली वाटतं."

आता मात्र मी नणंदेला फोन लावला, स्पीकरवर. "मी म्हटलं होतं" हे ती एकदाच म्हणाली, हा तिचा मोठेपणा. ती सांगेल तसं दाबत गेलो. शांतिदूताच्या पोटात 'उपद्रवी क्रमांक' अशी यादी सापडली. यादीत एकच नंबर होता. माझा. सासूबाईंनी चष्मा लावून कारण मोठ्याने वाचलं, "वारंवार, अल्पकाळ आणि विशेष काम नसताना येणारे कॉल." मग त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. "यंत्र आहे, पण माणूस बरोब्बर ओळखलं."

आणि सफाईराजाने बॅटरी वाचवायला घड्याळालाच झोपवलं होतं. म्हणून गजर वाजला नाही.

"म्हणजे यांनीच वाचवलं की पोरीला," सासूबाई म्हणाल्या. "ठेवूया?"

"आई, दोन चोर अंधारात एकमेकांवर आपटले म्हणून घर वाचलं, तर चोरांना जेवायला बसवत नाहीत."

शांतिदूत, भविष्य, वजन, खेळ, सगळे गेले. सफाईराजा मात्र जाईना. नणंद म्हणाली, "तो निघत नाही. फक्त बंद करता येतो."

"थोरल्या जाऊबाईंसारखा," सासूबाई म्हणाल्या. "घरातून काढता येत नाही, गप्प तेवढं बसवता येतं."

फोन आम्ही ठेवला, कारण त्यांच्या मुठीत बसणारा दुसरा नाहीच. मीही पूर्वीइतकेच फोन करते. पलीकडून उत्तर येतं, "बोला, उपद्रवी."

तुमच्याही घरी कुणाला तरी असाच फोन घेऊन दिलेला असेल, आणि सगळं मान्य, मान्य करणारे तुम्हीच असाल. आज त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि तुमच्या फोनवरून त्यांना रिंग द्या. तुमच्या कानातल्या आवाजावर जाऊ नका, त्यांच्या हातातला वाजतो का ते ऐका. लांब राहत असतील तर आत्ताच लावून बघा. उचलला नाही, तर फोनला शिव्या नंतर घाला. आधी कुणाला तरी पाठवून ते माणूस बरं आहे ना, तेवढं बघा.