इमामपूरचा उतार

स्नेहलने गिअर ‘आर’वर, म्हणजे रिव्हर्सवर टाकला, ॲक्सिलेटर दाबला. इंजिन गुरगुरलं, पण गाडी जागची हलेना. समोर प्रसादाच्या दुकानाची भिंत वीतभर अंतरावर, आणि मागे शनिदेवाचं देऊळ.

“काय केलंस?” शेजारून नवऱ्याने, हर्षलने विचारलं.

तिने काहीच केलं नव्हतं. शिंगणापूरपर्यंत गाडी आणली होती तिच्या सासऱ्यांनी, गहिनीनाथांनी, आणि भिंतीला नाक लावून उभीही त्यांनीच केली होती. परतताना सुनेचा हात बसावा म्हणून ती आत्ता कुठे स्टेअरिंगवर बसली होती. ही सात सीटची जुनी ऑटोमॅटिक घेतलीच होती तिच्यासाठी. ती पारनेरकडच्या आरोग्य केंद्रात नर्स. बिनक्लचची गाडी तिला लवकर जमेल असा हिशेब.

शेवटी गाडी ढकलायचं ठरलं. हर्षल आणि दुकानदार दोन बाजूंनी बोनेटला भिडले. तेवढ्यात मागच्या सीटवरून कडूबाईंनी सुनेला बजावलं, “दर्शन झाल्यावर मागं बघायचं न्हाई हां.”

“आई, गाडी मागेच न्यायचीय. आरशात बघितलेलं चालतं का?”

कडूबाई विचारात पडल्या. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. शेवटी गहिनीनाथ खाली उतरले, देवळाकडे पाठ करून गाडीमागे उभे राहिले आणि हाताने दिशा दाखवू लागले. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस. कंडक्टरच्या घंटीवर गाडी मागे घेणारा, आज स्वतःच कंडक्टर झाला होता.

घोडेगावहून अमीर मेकॅनिक आला. गिअरबॉक्सचं ऑइल बोटावर घेऊन त्याने हुंगलं. जळकट वास कुणालाही कळावा असा होता.

“पुढं चालंल, पन दमानं न्या. बॉक्स खोलावा लागंल,” तो म्हणाला. “पळत्या गाडीत न्यूट्रल करून परत ‘डी’ टाकीत हुतं का कोन? त्यानंच जळतंय हे.”

हर्षलने बायकोकडे पाहिलं. “तरी मी सांगत होतो, नीट शिकल्याशिवाय हात लावू नको. उद्यापासून बसने जात जा.” त्याने चावी काढली आणि वडिलांपुढे धरली. “आबा, आता ही तुमच्याकडेच ठेवा.”

स्नेहलने सासऱ्यांकडे बघितलंही नाही, आणि तेच गहिनीनाथांना लागलं. सकाळी इमामपूरचा घाट उतरताना ती त्यांच्या शेजारीच तर बसली होती. मागून हर्षल कौतुकाने म्हणाला होता, आबांच्या हातात गाडीचा आवाजसुद्धा येत नाही बघ. कुठून येणार? उतार लागला की त्यांचा हात आपसूक न्यूट्रलवर जायचा. याच सवयीने डिझेल वाचवलं म्हणून डेपोत सत्कार झाला होता त्यांचा. तेव्हा मिळालेलं घड्याळ आजही मनगटावर होतं.

त्यांनी चावी घेतली. तळहातात ती तापल्यासारखी वाटली. दुकानदार बघत होता, अमीर हात पुसत होता. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. सून काही सांगणार नव्हती.

“न्यूट्रल मी करीत हुतो,” ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला की अमीरने “आं?” केलं, आणि तेच वाक्य त्यांना पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

“तरीच म्हनलं,” कडूबाई आतून म्हणाल्या, “गाडी इतकी गुमान कशी काय चालती.”

हर्षल टायरकडे बघत राहिला. गहिनीनाथांनी चावी सुनेच्या हातात दिली आणि मागचं दार उघडून बायकोशेजारी बसले.

घाटाचा चढ लागला. स्नेहल हळू चालवत होती, नीट चालवत होती. दर वळणाला गहिनीनाथांचा डावा पाय आपोआप पुढच्या सीटखाली, नसलेल्या क्लचवर दाबला जात होता. कडूबाईंनी ते पाहिलं आणि मांडीवरची प्रसादाची पिशवी अलगद त्यांच्या गुडघ्यावर ठेवली.

“धरा जरा,” त्या म्हणाल्या.

त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.