अकरा सेकंद

किल्ली दोनदा फिरवूनही कप्पा उघडेना, तेव्हा सरांनी दाराला खांदा लावला. पत्रा कुरकुरला आणि दार एकदम सुटलं. आतून बामाचा आणि बरेच दिवस कोंडून राहिलेल्या कापडाचा वास आला.

"घ्या," सर म्हणाले आणि बाजूला झाले.

बाईंनी पिशवीचं तोंड मोठं केलं. टॉवेल, बुटांची जोडी, केसांच्या चापांचा डबा, ग्लुकोजचं अर्धं पाकीट. एकेक वस्तू त्या उचलत होत्या, झटकत होत्या आणि पिशवीत ठेवत होत्या. घाई नव्हती आणि रेंगाळणंही नव्हतं. शिवणकारखान्यात दिवसाला दीडशे शर्टांना कॉलर लावणारे हात होते ते. समोर आलेलं काम ते उरकत होते. मुलीचं सामान घेऊन जा म्हणून कॉलेजनं तीन वेळा कळवलं होतं. पाच महिन्यांनी आज त्या आल्या होत्या, साप्ताहिक सुट्टी होती म्हणून.

कप्पा रिकामा झाला. बाईंनी आत हात घालून कोपरे चाचपले, मग दार लोटलं. सरांना वाटलं, आता निघतील. पण त्या भिंतीलगतच्या बाकावर बसल्या आणि पिशवी त्यांनी मांडीवर घेतली.

"पाणी देऊ?"

"नको. तुम्ही बसा ना, सर."

सर बसले.

बत्तीस वर्षं ते या कॉलेजच्या धावण्याच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. एवढ्या काळात पाच प्राचार्य आले नि गेले, मैदानाभोवतीचं तारेचं कुंपण जाऊन भिंत झाली, पण पहाटे पावणेसहाला फाटकाचं कुलूप काढणारा हात तोच राहिला. मुली त्यांना घाबरत आणि त्यांच्या नकला करत. सरांचं कौतुक म्हणजे फक्त "बरं आहे" एवढंच. ज्या दिवशी कुणाला "बरं आहे" मिळे, त्या दिवशी वसतिगृहात तिच्याकडून आइस्क्रीम उकळलं जाई. आणि घड्याळाच्या बाबतीत ते कुणाचे नव्हते. एकदा तर विद्यापीठाच्या स्पर्धेत पंचांनी चुकून त्यांच्याच संघातल्या मुलीला दोन सेकंद कमी लावले होते, तेव्हा सर स्वतः टेबलापाशी जाऊन ते दुरुस्त करून आले. पदक गेलं. त्या मुलीनं महिनाभर अबोला धरला होता; आज ती त्यांची सहायक होती आणि मुली तिला मॅडम म्हणत.

बाईंची थोरली मुलगी तीन वर्षं संघात होती. परीक्षेच्या आधीच्या एका सकाळी, सरावाच्या तिसऱ्या फेरीत, पलीकडच्या वळणावर ती खाली बसली. बुटाची नाडी सुटल्यावर बसतात तशी. आणि तशीच कलंडली. हृदयात जन्मापासून काहीतरी होतं, कुठल्याच तपासणीत न दिसलेलं. चौकशी झाली. प्रशिक्षकांनी जे करायला हवं होतं ते सगळं वेळेत केलं, असं अहवालात आलं. सरांनी अहवाल वाचला, प्रत्येक पानावर सही केली आणि संध्याकाळच्या सरावाला गेले. लोक म्हणाले, माणूस धीराचा. बायकोला मात्र ते पटलं नाही. एकदा तिनं जेवून उठल्यावर विचारलं, "अहो, भाजीत मीठ नव्हतं. बोलायचं नाही का?" सर म्हणाले, "नव्हतं का?" त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. ताटात काय वाढते ते आधी स्वतः चाखून बघू लागली, एवढंच.

"तुम्ही त्या वेळी कुठे होतात?" बाईंनी विचारलं.

"अलीकडे. रेघेजवळ."

"ती काही बोलली?"

"लांब होती. ऐकू आलं नसतं."

"आणि तुम्ही?"

सरांनी समोरच्या फळ्याकडे पाहिलं. अहवालात हा प्रश्न नव्हता. मॅडमनं ऐकलं होतं, पण ती कधी बोलली नव्हती.

"मी ओरडलो. ऊठ म्हणालो. बसायचं नाही, ऊठ."

आपला आवाज सरांना नेहमीसारखाच वाटला, फेऱ्या मोजतानाचा. आता बाई काहीतरी म्हणतील, म्हणू देत, असं वाटून ते तसेच बसून राहिले. बाईंनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला.

"मी पण रोज तेच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पाच वाजले, ऊठ. सर ओरडतील, ऊठ. तीन वर्षं."

बाहेर कुणीतरी अडथळ्यांच्या शर्यतीची लोखंडी चौकट ओढत नेत होतं. हळूहळू तो आवाज लांब गेला.

"सर, तुमच्याकडे एक काम होतं."

"बोला."

"धाकटी यंदा तुमच्याच कॉलेजात आलीय. सोमवारी चाचणी द्यायला येणार आहे तुमच्याकडे. मला सांगितलं नाही तिनं. तिच्या मैत्रिणीकडून कळलं."

"तपासलंय तिला?"

"तीन ठिकाणी. ठणठणीत आहे म्हणाले." बाई थांबल्या. "थोरलीलाही ठणठणीतच म्हणाले होते."

सरांनी कप्प्याच्या दाराकडे पाहिलं.

"मी नको म्हटलं तर ती चोरून पळेल. माझं कुठं ऐकते! पण तुम्ही म्हणालात की तुझ्यात नाही ते, तर ऐकेल. दोघी बहिणींना तुमचा शब्द म्हणजे..." बाईंनी वाक्य सोडून दिलं. "ती कशीही पळू दे. तुम्ही नाही म्हणा."

एरवी हे कुणी मागितलं असतं, तर सरांनी त्याला दार दाखवलं असतं. आता ते शोधत होते, तो संताप कुठे आहे. आणि तो काही केल्या सापडेना. दुखऱ्या दाताला भूल दिल्यावर जीभ फिरवून बघावं तसं त्यांनी आत चाचपून बघितलं. काही लागलं नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले.

सोमवारी धाकटी आली ती सराव संपून मुली वर्गांकडे गेल्यावर. संघाची निवड चाचणी मागच्याच आठवड्यात झाली होती. उशिरा येणाऱ्याला एकट्यानं पळून दाखवावं लागे. तीन हजार मीटर, साडेसात फेऱ्या, अकरा मिनिटांच्या आत. थोरलीपेक्षा ती बुटकी होती, डावं कोपर बाहेर काढून चालत होती. पायात साधे कॅनव्हासचे बूट. सरांना तिनं वाकून नमस्कार वगैरे केला नाही, बहिणीचं नावही काढलं नाही.

"कुठून सुरू करू, सर?"

"पलीकडच्या त्या पांढऱ्या रेघेवरून. शिट्टी झाली की नीघ."

मॅडमनं शिट्टी वाजवली. सरांनी अंगठा दाबला.

पहिल्या फेरीत ती जोरात गेली. नवखी मुलं जातात तशीच, आता दम संपून फुटेल, असं सरांच्या मनात आलं. दुसऱ्या फेरीत फुटली नाही. तिसऱ्या फेरीत ती पलीकडच्या वळणावर पोचली आणि सरांच्या बोटांनी घड्याळ इतकं आवळलं की त्याची कड तळव्यात रुतली. ती वळण घेऊन बाहेर आली. कोपर तसंच बाहेर, मान सरळ, पावलांचा आवाज एकसारखा. शिकवून येत नाही असा आवाज होता तो. बत्तीस वर्षांत तीन-चार मुलींचा त्यांनी ऐकला असेल.

एरवी दर फेरीला सर वेळ ओरडून सांगत. आज त्यांनी तोंड उघडलं नाही. मॅडमनं दोनदा त्यांच्याकडे पाहिलं.

शेवटच्या सरळीत, रेघेआधीच्या सरळ पट्ट्यात, धाकटीनं चाल वाढवली. कुणी सांगितलं नव्हतं, शेजारी कुणी नव्हतं. रेघ ओलांडून ती दहा-बारा पावलं पुढे गेली, गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, आणि मग धापा टाकत परत आली.

घड्याळात दहा मिनिटं एकतीस सेकंद होते.

"किती, सर?"

"अकरा चोवीस," सर म्हणाले.

मॅडमचं पेन वहीवर टेकलेलं होतं, ते टेकलेलंच राहिलं. तिच्याही गळ्यात घड्याळ होतं. सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

"अकरा चोवीस," धाकटी पुटपुटली. "मला वाटलं होतं... बरी पळले असं वाटलं होतं."

"वाटतं तसं. एकट्यानं पळताना अंदाज येत नाही."

"मेहनत केली तर? पुढच्या वर्षी?"

घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. सर त्या केसांकडे बघत बोलले.

"मेहनतीनं थोडंफार कमी होतं. एवढं नाही. अभ्यासात लक्ष घाल."

तिनं मान हलवली. वाद घातला नाही, दुसऱ्यांदा मोजा म्हणाली नाही. पिशवी खांद्याला अडकवून दोन पावलं गेली आणि वळली.

"थँक यू, सर. ताई म्हणायची, सर सांगतील तेच खरं. लागलं तर लागू दे, पण खरं."

फाटकाबाहेर पडेपर्यंत तिचं कोपर दिसत होतं. मग मॅडमनं वही मिटली.

"सर, माझ्या घड्याळात..."

"मला माहीत आहे."

"मग?"

"तिच्या आईनं सांगितलंय."

मॅडमनं गळ्यातलं घड्याळ काढून वहीवर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, ते सरांना कळलं नाही. शेवटी ती म्हणाली, "माझं पदक घालवलंत तेव्हा मी तुम्हाला मनात खूप शिव्या दिल्या होत्या. आजच्याइतकं वाईट तेव्हाही वाटलं नव्हतं." आणि खुणेचे शंकू गोळा करायला मैदानात गेली.

दुपारी सर क्रीडाविभागात डबा उघडून बसले होते. दोन घास खाल्ले होते, तेवढ्यात फोन वाजला. मागे यंत्रांची घरघर होती. मग दार लागल्याचा आवाज आला आणि घरघर थोडी कमी झाली.

"सर, मी बोलतेय. जेवायची सुट्टी आहे. झालं का?"

"झालं."

"नाही म्हणालात?"

"म्हणालो."

"रडली?"

"नाही. थँक यू म्हणाली."

बाईंनी श्वास सोडला. बरं, ठेवते, असं त्या म्हणतील म्हणून सरांनी वाट पाहिली. त्या म्हणाल्या नाहीत.

"सर, खरं किती झालं?"

सरांनी डब्याचं झाकण लावलं.

"कळून काय करणार?"

"काही नाही. कळू दे."

"दहा एकतीस."

"आणि थोरलीचं? तिचं सगळ्यांत चांगलं?"

"दहा बेचाळीस."

"म्हणजे हिचं... कमी म्हणजे चांगलं ना?"

"हो. कमी म्हणजे चांगलं. अकरा सेकंद."

"अकरा," बाई म्हणाल्या. "अकरा सेकंद म्हणजे किती असतं, सर? मला त्यातलं कळत नाही. मी कधी बघायलाच आले नाही."

खिडकीतून शेवटची सरळी दिसत होती. दुपारच्या उन्हात मैदानावर कुणी नव्हतं. सर उठून खिडकीशी गेले.

"पन्नास मीटर धरा," ते म्हणाले. "धाकटी रेघेवर पोचली असती, तेव्हा थोरली..." त्यांनी बोटानं काचेवर जागा दाखवली, फोनवर ते कुणाला दिसणार नव्हतं तरी. "थोरली समोरच असती. सरळीच्या मध्यावर. हिनं मागे वळून बघितलं असतं, तर ती येताना दिसली असती."

सरांना बोट काचेवरून काढता येईना. हे काय होतंय, म्हणून त्यांना नवल वाटलं.

"सर?"

"हं."

"तिला तुम्ही काही सांगू नका."

"नाही सांगत."

"मी सांगेन." बाई थांबल्या. "आज नाही. पण मीच सांगेन."

घंटा झाली. दार उघडलं, घरघर मोठी झाली. बाईंनी फोन बंद केला नव्हता, नुसता कुठंतरी ठेवून दिला होता. खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, मग अगदी जवळ एक शिवणयंत्र सुरू झालं. थोडं चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. सर खिडकीशी उभे राहून ऐकत होते. मॅडम वही ठेवायला आत आली, त्यांच्याकडे बघून दारातच थांबली आणि पाऊल न वाजवता परत गेली.